इंडस (व्हिडिओ खेळ)

इंडस : मोबाइल फोनवर अनेकांनी एकाच वेळी खेळावयाचा, नेमबाजीच्या वर्गातील एक व्हिडिओ खेळ. पुणे येथील सुपरगेमिंग या कंपनीने तो तयार केला असून १६ ऑक्टोबर २०२४ रोजी तो अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही प्रणालींवर सर्वांसाठी खुला झाला. भारतीय पुराणकथा, वास्तुशिल्प आणि अलंकरण यांना दूरच्या भविष्यकाळात नेऊन बसविणारी दृश्यशैली या खेळात योजिलेली आहे. तिला त्याचे निर्माते ‘इंडो-फ्यूचरिझम’ म्हणजे भारतीय भविष्यवाद असे म्हणतात. खेळाची घोषणा २०२२ मध्ये झाली. २०२३ मध्ये निवडक खेळाडूंकडून त्याची चाचणी घेण्यात आली आणि प्रत्यक्ष प्रकाशनापूर्वीच एक कोटीहून अधिक लोकांनी त्यासाठी आगाऊ नोंदणी केली.

प्रकाशनानंतर खेळाडूंची मते दुभंगली. परदेशी खेळांतील ओसाड गावे व युरोपीय धाटणीच्या इमारती यांच्या जागी आपल्या ओळखीचे आकार, रंग व नावे आली, याचे एका पक्षाला अप्रूप वाटले. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की आकार व नावे बदलली तरी धावणे, लपणे व नेम धरणे यांचा ठेका जुनाच आहे, आणि जेथे तो जुना नाही तेथे तो पुरेसा घोटीव नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. शैली म्हणजे डोळ्यांना जे दिसते ते, असे पहिला पक्ष गृहीत धरतो. शैली म्हणजे हातांना जे करावे लागते ते, असे दुसरा. नेमबाजीच्या व्हिडिओ खेळांत हा भेद विशेष तीव्र होतो. त्याचे कारण या वर्गाच्या घडणीतच आहे.

पूर्वपीठिका : येथे नेमबाजी हा शब्द पडद्यावरील लक्ष्याचा वेध घेण्याच्या खेळांपुरता योजिला आहे; ऑलिंपिकमधील नेमबाजी या क्रीडाप्रकाराशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६२ साली तयार झालेला ‘स्पेसवॉर’ हा या वर्गाचा एक आद्य नमुना होय. जपानमधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) या खेळाने तो सार्वजनिक करमणुकीच्या बाजारात आणला. ‘डूम’ (१९९३) या खेळाने खेळाडूच्याच डोळ्यांतून दिसणाऱ्या दृश्याची पद्धत सर्वमान्य केली आणि पुढील तीस वर्षांचे व्याकरण ठरवून दिले : एका हाताने चालावयाचे, दुसऱ्याने रोख वळवावयाचा, आडोसा शोधावयाचा आणि क्षणात निर्णय घ्यावयाचा. हे व्याकरण एकदा अंगवळणी पडले, की खेळाडू त्याचा विचार करीत नाही. सायकल चालविणारा तोल सांभाळण्याचा विचार करीत नाही, त्याप्रमाणे.

‘बॅटल रॉयल’ हा या वर्गाचा अलीकडील पोटभेद. हे नाव कौशुन ताकामी या जपानी लेखकाच्या १९९९ मधील कादंबरीवरून व तीवर २००० साली निघालेल्या चित्रपटावरून रूढ झाले. २०१७ मध्ये आलेल्या ‘पबजी’ या खेळाने त्याचे नियम जगभर पोहोचविले. शंभरापर्यंत खेळाडू निःशस्त्र स्थितीत एका मोठ्या भूप्रदेशावर उतरतात. तेथे सापडतील ती शस्त्रे गोळा करतात. सुरक्षित क्षेत्राचे वर्तुळ ठराविक अंतराने आकसत जाते व जो बाहेर राहील त्याचे बळ घटते. अखेरीस एक खेळाडू किंवा एक गट उरतो. वर्तुळाचा हा नियम वरवर साधा दिसतो. पण लपून बसण्याची सोय तोच हिरावून घेतो आणि सामना अर्ध्या तासाच्या आसपास संपेल, अशी हमीही तोच देतो.

भारतात हा प्रकार संगणकापेक्षा मोबाइलवरच फोफावला. ‘पबजी मोबाइल’ची आवृत्ती २०१८ मध्ये आली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने तिच्यावर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन या दक्षिण कोरियाई कंपनीने खास भारतासाठी ‘बीजीएमआय’ हा खेळ आणला. जुलै २०२२ मध्ये तोही शासनाच्या आदेशाने हटविण्यात आला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या पोकळीत ‘आपला’ नेमबाजीचा खेळ हवा, ही मागणी वाढली. बंगळूर येथील एनकोअर गेम्सने २६ जानेवारी २०२१ रोजी ‘फौजी’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत गलवान खोऱ्यातील संघर्षाचे कथानक होते आणि बंदुका जवळजवळ नव्हत्याच; हातघाईची लढाई होती. ज्यांनी तो पबजीची जागा घेईल अशा अपेक्षेने उतरवून घेतला होता, त्यांचा विरस झाला. अपेक्षा एका व्याकरणाची आणि हाती आलेला खेळ दुसऱ्याच व्याकरणाचा, असे झाले म्हणजे खेळाचे गुणदोष तपासण्यापूर्वीच त्याचा निकाल लागतो. ‘इंडस’च्या वाट्याला आलेल्या अपेक्षाही याच काळात तयार झाल्या होत्या, हे ध्यानात ठेवावयास हवे.

कथानक व नियम : खेळ ‘विरलोक’ नावाच्या कल्पित जगात घडतो. यक्ष नावाच्या प्राचीन व प्रगत जमातीचे अवशेष तेथे विखुरलेले आहेत. खेळाडू हा ‘मिथवॉकर’ म्हणजे भाडोत्री योद्धा असून ‘कोव्हेन’ या आंतरतारकीय संघटनेसाठी तो ‘कॉस्मियम’ हे दुर्मिळ द्रव्य शोधावयास येतो. पात्रांची नावे ‘सर-ताज’, ‘मोरनी’, ‘बिग-गज’ अशी आहेत. त्यांतील हिंदी-इंग्रजी श्लेष शाळकरी खोडकरपणाचा आहे. परंतु रणधुमाळीच्या खेळात इतका हलका सूर लावणे हीही एक निवडच म्हणावी लागेल.

नियमांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, विजयाचा दुसरा मार्ग. सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात कॉस्मियम प्रकट होते व ते ताब्यात घेणारा खेळाडू इतर जिवंत असतानाही सामना जिंकू शकतो. नेहमीच्या बॅटल रॉयलमध्ये अखेरीस लपून राहणाऱ्याचा लाभ होतो. येथे त्याला उघड्यावर यावे लागते. दुसरी गोष्ट वैराची. ज्याने आपल्याला बाद केले त्याच्याविरुद्ध खेळाडू ‘ग्रज’ म्हणजे डूख धरू शकतो आणि पुढे त्याचा हिशेब चुकता केल्यास त्याला बक्षीस मिळते. अनोळखी माणसांच्या गर्दीत एका विशिष्ट प्रतिस्पर्ध्याला चेहरा देण्याची ही युक्ती चतुर आहे. या दोन नियमांवर जितकी चर्चा व्हावयास हवी होती तितकी झाली नाही. बहुतेक वाद पोशाख, चित्रांची सफाई व फोन गरम होणे यांभोवतीच फिरत राहिला.

अपारंपरिक नेमबाजीचे खेळ : ज्या खेळांनी रूपाबरोबर नियमही बदलले, त्यांच्याशी तुलना केल्यास ‘इंडस’चे स्थान स्पष्ट होते. या बाबतीत ‘किलर७’ (२००५) या जपानी खेळाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. गोइची सुदा यांनी लिहून दिग्दर्शित केलेला हा खेळ ग्रासहॉपर मॅन्युफॅक्चर या संस्थेने घडविला व कॅपकॉमने प्रसिद्ध केला. त्यातील चित्रे सपाट रंग व गडद छाया यांची असून एखाद्या लाकडी ठशाच्या मुद्रणासारखी दिसतात. परंतु त्याचा खरा विक्षेप चालण्यात आहे. खेळाडूला हवे तिकडे जाता येत नाही; एक कळ दाबली की पात्र ठरलेल्या वाटेने पुढे जाते, दुसरी दाबली की मागे वळते आणि फाट्यावर पोहोचल्यावर दिशा निवडावयाची असते. बंदूक रोखली की पाय थांबतात. शत्रू अदृश्य असतो. प्रथम त्याचे हसणे ऐकू येते, मग परिसर न्याहाळण्याची कळ दाबल्यावर तो दिसतो आणि त्याच्या शरीरावरील एक मर्मस्थान चकाकते.

‘डूम’पासून चालत आलेले चालणे व नेम धरणे यांचे जोडकाम येथे तोडले आहे. ज्यांचे हात त्या जोडकामास सरावलेले होते, त्यांना हा खेळ लंगडा वाटला. ज्यांनी नवे व्याकरण शिकण्याचा खटाटोप केला, त्यांना त्यात भयाची एक वेगळीच जात सापडली, कारण हसणे ऐकू येऊनही पळता येत नाही. समीक्षकांतही असेच दोन तट पडले. विक्री बेताची झाली. तरीही तेरा वर्षांनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, तो संगणकासाठी पुन्हा प्रसिद्ध करावा इतका त्याचा चाहतावर्ग टिकून राहिला. ‘रेझ’ (२००१) या खेळात प्रत्येक वेध संगीतातील ठोक्याशी बांधलेला आहे, तर ‘सुपरहॉट’मध्ये (२०१६) खेळाडू हलला तरच काळ पुढे सरकतो. अशा खेळांवरील मतभेद फलदायी असतात. कारण आपण नेमके काय नाकारीत आहोत, हे नाकारणाऱ्यालाही सांगता येते.

‘इंडस’वरील मतभेद या जातीचा नाही. त्याचे व्याकरण रूढ आहे. डाव्या अंगठ्याने चालावयाचे व उजव्याने रोख धरावयाचा, ही मोबाइलवरील सर्व खेळांची रीत तो पाळतो. त्यामुळे त्याची तुलना ‘किलर७’शी होत नाही, बीजीएमआयशी होते, आणि ती तुलना सफाईच्या कसोटीवर होते. रूढ व्याकरण स्वीकारणाऱ्या नव्या खेळाला वर्षानुवर्षे घासूनपुसून गुळगुळीत झालेल्या खेळाशी स्पर्धा करावी लागते. त्या स्पर्धेत दृश्यशैली मदतीला येते, पण फार काळ नाही. पहिल्या दहा सामन्यांत खेळाडू शिल्पे पाहतो. पन्नासाव्या सामन्यात तो शिल्पाआड कोण उभा आहे एवढेच पाहतो.

शैली व सुस्पष्टता : नेमबाजीच्या खेळातील चित्रकाराला एक अडचण सदैव भेडसावते. लक्ष्य पार्श्वभूमीपासून वेगळे दिसले पाहिजे. मानवी आकृतीची बाह्यरेषा क्षणार्धात ओळखू यावी, यासाठी बहुतेक खेळांत भिंती निस्तेज व मोठ्या पृष्ठांच्या ठेवतात. भारतीय शिल्पपरंपरेचा कल याच्या अगदी उलट आहे. रिकामी जागा भरून टाकणे, एका आकृतीतून दुसरी फुलविणे, स्तंभावर स्तंभिका चढविणे हे तिचे स्वभावविशेष. होयसळ मंदिराच्या भिंतीपुढे एखादा माणूस निश्चल उभा राहिला, तर सहा इंच रुंदीच्या पडद्यावर तो शोधणे कठीण होईल. म्हणजे अलंकरण जितके अस्सल, तितका नेम कठीण. आणि नेम सोपा करावा, तर अलंकरण केवळ दरवाजापुरते किंवा शिरस्त्राणापुरते उरते. ‘इंडस’च्या निर्मात्यांनी स्वीकारलेली तडजोड दुसऱ्या प्रकारची आहे. तिला दोष देण्यापूर्वी ही अडचण समजून घेतली पाहिजे. पुण्यातीलच नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी’ (२०२०) या खेळात पहाडी लघुचित्रशैली व राजस्थानी वास्तू यांचा मनोहर वापर करता आला, याचे एक कारण तो नेमबाजीचा खेळ नाही हे होय. त्यात एक मुलगी जवळच्या शत्रूंशी लढते, उड्या मारते, भिंती चढते; तीनशे मीटरवरील लक्ष्य शोधण्याची पाळी तिच्यावर येत नाही.

भूरचना : नेमबाजीच्या खेळात पात्रापेक्षा भूमी महत्त्वाची असते. कोठून काय दिसते, कोठे आडोसा आहे, उंचावर जाण्यास किती वेळ लागतो आणि किती वाटा आहेत, या चार गोष्टींनी सामना ठरतो. खेळाचे भारतीयत्व पोशाखातून भूमीत कसे उतरू शकेल, हे पाहावयाचे झाल्यास पुण्याच्या नैर्ऋत्येकडील भोर व वेल्हे या तालुक्यांकडे वळणे उपयुक्त ठरते. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला.) या प्रदेशात लाव्हारसाचे आडवे थर एकावर एक साचून सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे रूप तयार झाले आहे : सरळ कडा, मग टप्पा, पुन्हा कडा. अशा भूमीवर वरच्या माणसाला दूरचे खोरे स्वच्छ दिसते. पण त्याच्या पायाखालचा कडा दिसत नाही. कड्याच्या बगलेत पोहोचलेला शत्रू वरच्या मारापासून सुरक्षित असतो. लष्करी परिभाषेत अशा जागेला मृतक्षेत्र म्हणता येईल. या प्रदेशातील दुर्गरचनेचा बराच भाग या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचता येतो.

राजगडाची (उंची सु. १,३८० मी.) रचना या दृष्टीने अभ्यासनीय आहे. मध्यभागी उभ्या चढाचा बालेकिल्ला. त्याच्या उत्तरेस पद्मावती, पूर्वेस सुवेळा आणि नैर्ऋत्येकडे लांबवर गेलेली संजीवनी अशा तीन माच्या. एका माचीवरून दुसरीवर जावयाचे तर बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी यावे लागते. म्हणजे एक माची पडली तरी गड पडत नाही. प्रत्येक माची स्वतंत्रपणे लढविता येते. संजीवनी माची टप्प्याटप्प्यांनी खाली उतरते व तिला दुहेरी तटबंदी आहे. दोन तटांमधील अरुंद मार्गातून सैनिक बाहेरच्या नजरेस न पडता बुरुजापर्यंत जाऊ शकतात. बुरुजालाही बाहेरून दुसऱ्या बांधकामाचे कवच असल्याने त्याला चिलखती बुरूज म्हणतात. बाहेरचे कवच ढासळले तरी आतला बुरूज लढता राहतो. तटातील जंग्या म्हणजे बंदुकीचा मारा करण्याची छिद्रे बाहेरच्या बाजूस खाली उतरती ठेवलेली असतात. वर उल्लेखिलेल्या मृतक्षेत्रावर त्यांतून मारा करता येतो, बाहेरच्याला मात्र आतला माणूस दिसत नाही. गोमुखी पद्धतीचा दरवाजा दोन बुरुजांच्या वळणात दडविलेला असल्यामुळे हल्ला करणाऱ्याला दारासमोर येण्यापूर्वीच वळावे लागते आणि त्या वळणावर त्याची पाठ तटाकडे होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत राजगड आहे.

व्हिडिओ खेळाचा आराखडा करणाऱ्याला यातील प्रत्येक गोष्ट आपल्या धंद्यातली वाटेल. गोमुखी दरवाजा म्हणजे सर्वांना जेथून जावेच लागते असे नाके. दुहेरी तट म्हणजे दिसू न देता जागा बदलण्याची वाट. जंगी म्हणजे एकतर्फी दृष्टी. शेजारचा तोरणा (उंची १,४०३ मी.) झुंजार व बुधला या दोन माच्यांचा आहे, त्याच्या चिंचोळ्या धारेवर बाजूस सरकण्यास जागाच नाही, तेव्हा तेथे वेग निरुपयोगी व वेळ साधणे महत्त्वाचे. भोर तालुक्यातील रोहिड्यास पाठोपाठ तीन दरवाजे आहेत. पहिला पडल्यावर हल्लेखोर दुसऱ्याच्या पुढ्यात कोंडला जातो. त्याच तालुक्यातील रायरेश्वराचे विस्तीर्ण पठार याच्या अगदी विरुद्ध आहे. वर चढण्याची वाट अवघड, पण वर गेल्यावर सपाटी व उघडा माळ. पावसाळ्यात मात्र त्याच माळावर धुके उतरते आणि एरवी कोसभर दिसणारे दृश्य हाकेच्या अंतरावर येऊन थांबते.

आकसणारे वर्तुळ हा नियम सपाट बेटावर सुचलेला आहे. त्याला कडा, खिंड व माची यांची ओळख नाही. नकाशावर जेथे पडेल तेथे ते पडते. यक्षांच्या जागी दुसरे कोणी आणले तरी ते तसेच आकसेल. धुके व पाऊस यांनी दृष्टी मर्यादित करणे, किंवा वर्तुळाऐवजी माचीमागून माची गमावत बालेकिल्ल्याकडे मागे सरणे, असे नियम सह्याद्रीतून सुचू शकतात. ते रंजक ठरतीलच असे नाही. उंचावरील पक्षाला इतका लाभ मिळेल की खेळ एकतर्फी होईल, हा आक्षेप योग्य आहे. किल्ला बांधणाऱ्याचा हेतू सामना बरोबरीचा व्हावा हा नव्हताच. तथापि शैली भूमीत व नियमांत शिरणे म्हणजे काय, हे या उदाहरणावरून कळते. कॉस्मियमचा नियम हे त्या दिशेचे छोटे, पण खरे पाऊल आहे.

शैली पोशाखाकडेच का झुकते, याला आर्थिक कारणही आहे. या वर्गातील बहुतेक खेळांप्रमाणे ‘इंडस’ विनामूल्य उतरवून घेता येतो. उत्पन्न येते ते पात्रांची वेषभूषा, शस्त्रांची रंगसजावट इत्यादी खेळातील खरेदीतून. अशा खरेदीने बळ वाढू नये, हा संकेत स्पर्धेच्या न्याय्यतेसाठी आवश्यक असतो. साहजिकच सर्व कल्पकता शिरस्त्राणे, पिसारे व दागिने यांकडे वळते. नवा नियम घडविण्यास वेळ लागतो, तो फसू शकतो आणि त्याची विक्री करता येत नाही.

तांत्रिक मर्यादा : खेळाडूंच्या तक्रारींपैकी मोठा भाग शैलीशी निगडित नसून विलंबाशी निगडित असतो. अशा खेळात प्रत्येकाच्या फोनवर विरलोकाची स्वतंत्र प्रत चालू असते व मध्यवर्ती संगणक त्या सर्व प्रतींचा मेळ घालतो. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलत असेल, तर एका चित्राला सु. १७ मिलिसेकंद मिळतात. काचतंतूतून संदेश सेकंदाला सु. दोन लाख किमी. वेगाने जातो, त्या हिशेबाने पुण्याहून मुंबईपर्यंतचे दीडशे किमी. अंतर एक मिलिसेकंदाच्या आत कापले जाते. खरा वेळ खातो तो फोनपासून मनोऱ्यापर्यंतचा बिनतारी टप्पा व वाटेतील यंत्रणा. एकूण विलंब १०० मिलिसेकंद झाला आणि प्रतिस्पर्धी सेकंदास सहा मीटर वेगाने पळत असला, तर तो जेथे दिसतो तेथून ६० सेंमी. पुढे गेलेला असतो. हे अंतर माणसाच्या खांद्यांच्या रुंदीहून अधिक आहे. म्हणजे अचूक नेम धरूनही गोळी चुकावी. यावर उपाय म्हणून मध्यवर्ती संगणक काळ किंचित मागे नेऊन ‘गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होते’ हे पाहतो व त्यानुसार निर्णय देतो. त्यामुळे झाडणाऱ्याला न्याय मिळतो. पण आपण भिंतीआड पोहोचल्यावरही गोळी लागली, अशी तक्रार दुसरा करतो. दोघेही आपापल्या पडद्यापुरते खरेच बोलत असतात.

वेल्ह्याच्या किंवा भोरच्या पश्चिमेकडील खोऱ्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. मोबाइलचा संदेश बहुतांशी सरळ रेषेत जातो व कड्याआडच्या वस्तीत तो क्षीण होऊन पोहोचतो. ज्या मृतक्षेत्राने एकेकाळी तोफांना चकविले, तेच आता मनोऱ्याला चकविते. वाडीतला मुलगा टेपावर, उघड्या जागी जाऊन बसला तर त्याला सामना खेळता येईल. घरात बसून कदाचित नाही. शिवाय अलंकृत दृश्यांचा भार स्वस्त फोनच्या चित्रप्रक्रियकावर पडतो, तो तापतो, चित्रांची संख्या सेकंदास तीसच्या खाली येते आणि नेम डळमळतो. भारतीय शैलीचा खेळ ज्याच्यासाठी म्हणून केला, त्यातील मोठा वर्ग असे साधे फोन वापरतो. फोनच्या कुवतीनुसार तपशील कमी करण्याची सोय अशा खेळांत असते. परंतु तपशील कमी करताना सर्वप्रथम नाहीसे होते ते अलंकरणच. साध्या फोनवर खेळणाऱ्याला यक्षांच्या वास्तू गुळगुळीत ठोकळ्यांसारख्या दिसत असतील, आणि महागड्या फोनवर खेळणारा त्यांतील नक्षीची स्तुती करीत असेल, तर एका खेळाविषयी दोन मते व्हावीत यात नवल नाही. ते दोन वेगळे खेळच पाहत असतात.

सुपरगेमिंग कंपनीने यापूर्वी ‘मास्कगन’ हा नेमबाजीचा व ‘सिली रॉयल’ हा लपंडावाच्या धर्तीचा खेळ प्रसिद्ध केला होता. मोठ्या संख्येने एकत्र येणारे खेळाडू सांभाळण्याचा अनुभव तिला त्यांतून मिळाला होता.

कायदेशीर स्थिती : डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-क्रीडांचा समावेश बहुक्रीडा स्पर्धांतील प्रकार म्हणून युवक कार्य व क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांच्या प्रवर्धनाचा व नियमनाचा अधिनियम संमत केला. त्यानुसार पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई असून ई-क्रीडा व सामाजिक स्वरूपाचे खेळ यांना उत्तेजन देण्याची तरतूद आहे. जेथे खेळाडू पैज लावीत नाही व खरेदी केवळ सजावटीची असते, असे नेमबाजीचे खेळ या मनाईच्या उद्दिष्टाबाहेरचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल १ जानेवारी २०२२ पासून) खेळविकाराची स्वतंत्र नोंद आहे. मात्र तीत खेळाची जात किंवा शैली पाहिली जात नाही; खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे व हानी दिसूनही ते चालू राहणे ही लक्षणे पाहिली जातात, आणि निदानासाठी ती सामान्यतः किमान बारा महिने टिकलेली असावी लागतात.